कांगासबाईंची हाक

इर्या कांगासला काळजी करायला कारण लागत नसे. सकाळी घराला कुलूप लावून ती फाटकापर्यंत जाई आणि परत येऊन कुलूप ओढून बघे. तिचा बाप वाइनो आतच बसलेला असे, कॉफी पीत. तो आतून म्हणे, "मी घरात आहे, इर्या. कुलूप कशाला लावतेस? म्हातारा पळून जाईल म्हणून?"

"चूल बंद केलीत का, बाबा?"

"कालच बंद केली. तू विचारलंस तेव्हा."

हॅलोरन हे लोखंडाच्या खाणीचं गाव, देशोदेशींहून आलेल्या खाणकामगारांचं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की शाळेच्या काचा थरथरत आणि तलावाच्या पाण्यावर बारीक सुरकुती धावत जाई. गावात कुणी मान वर करून बघत नसे. इर्या मात्र बोलता बोलता थांबे. आवाज जिरेपर्यंत तिच्या बोलण्यातला पुढचा शब्द तोंडातच राही. पस्तिशी ओलांडली तरी ही सवय गेली नव्हती. ती शाळेत मुलींना व्यायाम शिकवी. लग्न झालं नव्हतं. एकदा ठरत आलं होतं, पण तिने इतके दिवस विचार केला की त्या माणसाने तेवढ्यात दुसरीकडे जमवून टाकलं. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. उलट आता त्या बाबतीत काही ठरवायचं उरलं नाही म्हणून जरा हलकंच वाटलं.

शाळेतला तलाव आजोबांच्या काळातला, खाणीच्या करातून बांधलेला, पांढऱ्या फरशीचा. मुलांच्या संघाची पदकं दारातल्या काचेच्या कपाटात. मुलींना आठवड्यातून एक तास पाण्यात उतरू देत, तेही बुडू नये एवढं शिकण्यापुरतं. मग सरकारने कायदा केला की शाळेत मुलांना जे मिळतं ते मुलींनाही मिळालं पाहिजे, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी मुख्याध्यापकांनी इर्याला बोलावून घेतलं.

"मुलींचा पोहण्याचा संघ काढायचाय," ते म्हणाले. "पोहणं आणि फळीवरच्या उड्या, दोन्ही. आपल्या भागात अजून कुणी काढलेला नाही. तुम्ही फिनिश लोक तर पाण्यातच जन्मता. तुम्हीच बघा."

इर्या म्हणाली, "मी जरा विचार करते."

त्यांनी तो होकार धरला. तिच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या होत्या.

डझनभर मुली आल्या. दुपारनंतर तलाव मुलांचा, म्हणून मुलींना पहाटेची वेळ मिळाली. तलावाचं दार मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीतून होतं, त्यामुळे मुली मागून, बॉयलरच्या खोलीतून वाकून आत यायच्या. पोहून झालं की ओल्या केसांनी पटांगण ओलांडून वर्गात. पहिलं बर्फ पडल्यावर केस वाटेतच गोठायला लागले. डोना पेरुच्ची नावाची मुलगी संघाची कप्तान होती, बापाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसून बोलायला शिकलेली. ती कपाळावरची कडक बट दोन बोटांनी धरून दाखवायची. "कांगासबाई, ही बघा, मोडली. वसंत येईपर्यंत माझं टक्कल पडणार."

मुली हसायच्या. इर्या घरी जाऊन बापाच्या सगळ्या लोकरी टोप्या गोळा करून आणायची. तिला रात्रभर मुलींची गारठलेली फुफ्फुसं दिसत असत, आणि मुलींच्या आयांचे चेहरे.

पोहणं तिला शिकवता येत होतं. उड्यांचं तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक सामन्यात उड्यांचे गुण असतातच. उडी घेणारी नसेल तर ते गुण आधीच समोरच्याच्या खिशात. तिने मुलींना विचारलं तर सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. फक्त झोरा ग्रेगोरिचने हात वर केला.

"मी उडी मारीन," झोरा म्हणाली. "पोहण्याचा मला कंटाळा येतो. जायचं, परत यायचं, आणि बघावं तर होतो तिथेच."

झोरा सोळा वर्षांची, ठेंगण्या बांध्याची, गुडघ्यांवर जुने व्रण असलेली. तिची आई फ्रान्स्का शाळेच्याच स्वयंपाकघरात कामाला होती. झोरा साध्या उड्या भराभर शिकली. पाठमोरी शिकली, फळीकडे तोंड करून आत वळायची शिकली. अडली ती पुढच्या दीड कोलांटीवर. पुढे उसळायचं, गुडघे छातीशी धरून दीड वेळा फिरायचं आणि नेमक्या क्षणी उलगडून डोक्याकडून पाण्यात शिरायचं. झोराला तो क्षण सापडेना. लवकर उलगडली की पाठीवर पडायची, उशिरा उलगडली की पोटावर. तलावभर चपराकीचा आवाज घुमायचा. मार कमी लागावा म्हणून इर्याने तिला जाड सुती सदरा घालायला लावला. तो भिजून तिच्या अंगाला चिकटून बसायचा आणि तरी पाठ लाल व्हायचीच.

इर्या शेवटी मुलांच्या प्रशिक्षकाकडे, हॅमरबर्गकडे गेली. त्याच्याकडे काही मागायला जायचं म्हणजे तिला आधी दोनदा दारावरून परत यावं लागलं.

"एवढंच ना?" हॅमरबर्ग म्हणाला. "कोलांटीत पोराला वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाही. तू काठावर उभी राहा. ती बरोबर जागेवर आली की ओरड. ओरडलीस की ती उलगडेल. ओरडता येतं ना तुला? मी तर तुझा आवाज अजून ऐकलेला नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे झोरा फळीवरून उसळली आणि इर्याच्या तोंडून आवाज निघाला तो घरच्या भाषेत: "न्युत!" म्हणजे आत्ता. झोरा उलगडली आणि सरळ पाण्यात गेली. पाण्याने तिला हलकेच घेतलं. ती वर आली तेव्हा नाकातून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "ते काय म्हणालात ते परत म्हणा," ती म्हणाली.

मग रोज पहाटे तेच चाललं. झोरा उसळायची, इर्या हाक द्यायची, झोरा उलगडायची. इर्याला अजूनही दर उडीला भीती वाटायची, पण हाक दिली की ती जायची. आपल्या हातात काहीतरी आहे असं तिला वाटे. इतर वेळी, म्हणजे मुली रस्त्यावरून घरी जात असताना, त्यांच्या आया स्वयंपाकघरात वाट पाहत असताना, तिच्या हातात काहीच नसे. इथे एक शब्द होता, आणि तो वेळेवर टाकला की पोरगी सुखरूप. घरी वाइनो म्हणाला, "स्लोव्हेनियन पोरगी आणि फिनिशमध्ये उडी मारते. खाणीत पन्नास वर्षांत आम्हाला हे जमलं नाही."

पहिला सामना हॅलोरनमध्येच झाला. काठावरच्या बाकांवर आईबाप, मुलांच्या संघातली काही पोरं, आणि मुख्याध्यापक. फळीवर कुणी उभं राहिलं की सगळ्यांनी गप्प व्हायचं, ही तलावावरची रीत. झोराचं नाव आणि उडी पुकारली गेली. शांतता झाली. झोरा चालत आली, उसळली, फिरली, आणि त्या शांततेत इर्याचा आवाज फरशीवरून छतापर्यंत गेला: "न्युत!"

झोराने आजवरची सर्वांत चांगली उडी घेतली होती. टाळ्या वाजल्या. मग पांढऱ्या सदऱ्यातला पंच उठून टेबलाकडे गेला आणि थोड्या वेळाने पुकारलं गेलं की उडी घेणाऱ्याला बाहेरून मदत झाली, म्हणून शून्य.

इर्याला हा नियम माहीत नव्हता असं नाही. पुस्तकात तिने तो वाचला होता, त्याखाली रेघही मारली होती. पण ओरडणं म्हणजे मदत, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाटत होतं, मदत म्हणजे हात देणं. हॅलोरनच्या मुली हरल्या, आणि त्या एका उडीचे गुण मिळाले असते तर हरल्या नसत्या.

मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत इर्या दाराशी उभी राहिली. माफी कशी मागावी ते तिला सुचेना. मुली एकमेकींच्या वेण्या पिळत होत्या. डोना म्हणाली, "बाई, निदान सगळ्या गावाला कळलं की तुम्हाला आवाज आहे."

झोरा मात्र दुसराच विचार करत होती. "पुढच्या वेळी हळू ओरडा," ती म्हणाली.

"हळू ओरडलं तरी ती मदतच, झोरा."

"मग मला कळणार कसं?"

बॉयलरच्या खोलीतून बाहेर येता येता इर्या मध्येच थांबली. आपण या पोरीला उडी शिकवलेलीच नाही, तिला वाटलं. आपण तिला फक्त ऐकायला शिकवलंय.

शनिवारी वाइनो सौनासाठी, म्हणजे घरामागच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होता. इर्या ती उचलून रचत होती. तिने त्याला सगळं सांगितलं. तो कुऱ्हाडीवर रेलून म्हणाला, "आमच्याकडे एक मुकादम होता. सुरुंगाची वात पेटवली की तो ओरडायचा आणि आम्ही सगळे त्याच्या आवाजावर पळायचो. वातीकडे कुणी बघायचंच नाही. एक दिवस त्याचा घसा बसला."

"मग?"

"मग काय. त्या दिवशी सुरुंगच उडवला नाही."

"बाबा, मी गंमत म्हणून विचारत नाहीये."

"मीही गंमत सांगत नाहीये. तो शहाणा माणूस होता. लाकडं जरा सैल रच, आत हवा जाऊ दे."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फ्रान्स्का ग्रेगोरिच तिला शोधत आली. कमरेला एप्रन, हातात कापडात बांधलेली पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव. तिने ती गुंडाळी इर्याच्या टेबलावर ठेवली, पण बसली नाही.

"तिची पाठ बघितलीत, बाई? बीट उकडून सोलावं तशी झालीये. रात्री पालथी झोपते. मी विचारलं तर म्हणते, काही नाही, आई."

"मी बघितलीये."

"तो जिल्ह्याचा सामना आहे ना, त्यात तिला ती उडी घेऊ देऊ नका. दुसरी कुठली तरी सोपी असेल. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते."

"ती माझं ऐकते, फ्रान्स्का. तीच तर पंचाईत झालीये."

फ्रान्स्काला ते कळलं नाही. इर्यालाही ते नीट समजावून सांगता आलं नाही. तिने पोतित्साचा एक तुकडा कापून फ्रान्स्कालाच दिला, आणि दोघी उभ्या उभ्या खात राहिल्या.

मग इर्याने गप्प राहायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. झोरा उसळली की तोंड आपोआप उघडायचं. शेवटी तिने टॉवेलचं टोक दातांत धरलं. नेमका तेव्हाच हॅमरबर्ग किल्ल्या घ्यायला आला. "इर्या, भूक लागली असेल तर कॅन्टीन उघडलंय," तो म्हणाला. टॉवेल तोंडात तसाच ठेवून तिने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला.

पण तिच्या गप्प राहण्याने काही साधेना. झोरा हवेत गोळा होऊन हाकेची वाट बघत राहायची आणि तशीच गुडघ्यांसकट पाण्यावर आपटायची. वर आली की तिचे डोळे आधी इर्याकडे जायचे. त्यात राग नसायचा. राग असता तर इर्याला परवडला असता.

तोडगा काढला डोनाने. "बाईंनी गप्प बसून काय होणार," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याच ओरडतो ना." तिने मुलींना तलावाच्या चारी बाजूंना उभं केलं. झोरा उसळली की जिला जेव्हा वाटेल तेव्हा ओरडायचं, न्युत म्हणून. कुणी लवकर, कुणी उशिरा, कुणी ती पाण्यात गेल्यावर. पहिल्याच उडीला असा कल्लोळ झाला की झोरा हवेतच हसली आणि कुशीवर पडली. वर येऊन म्हणाली, "कोंबड्यांच्या खुराड्यात उडी मारल्यासारखं वाटतंय."

"मग ऐकू नकोस," डोना म्हणाली. "बघ."

झोरा चिडली. चिडून परत वर गेली, परत पडली, परत गेली. त्या आठवड्यात कधीतरी एकदा ती त्या गोंगाटातून स्वतःच उलगडली आणि सरळ आत शिरली. कुणाच्याच हाकेवर नाही, कारण त्या क्षणी कुणीच ओरडलं नव्हतं. इर्याने ते पाहिलं. पण पुढच्या उडीला ती पुन्हा पाठीवर आली. कधी जमे, कधी नाही. यातलं कुठलं खरं धरायचं हे इर्याला ठरवता येईना.

जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी बसमध्ये खिडक्यांवर आतून बर्फ धरलं होतं. कुठल्या उड्या घेणार ते आधी लिहून द्यावं लागे. एकदा दिलं की बदल नाही. कागद इर्याच्या मांडीवर होता आणि शेवटची ओळ कोरी होती. झोरा पलीकडच्या बाकावरून उठून शेजारी येऊन बसली.

"तुम्ही सोपी लिहिलीत तर मी सोपीच घेईन," ती म्हणाली.

"तुझ्या आईलाही तेच हवंय."

"आईला मी पोहूच नये असं वाटतं. न्हाणीघरातसुद्धा पाणी कढत करूनच जा म्हणते."

"झोरा, तुला पाणी दिसतं का? खरं सांग."

झोराने खिडकीवरचं बर्फ नखाने खरवडलं. "कधी दिसतं. कधी नाही. पण तुम्ही सोपी लिहिलीत तर मला कधीच कळणार नाही."

इर्याने कागद गुडघ्यावर नीट टेकवला. तिने दीड कोलांटी लिहिली आणि लगेच कागद डोनाकडे दिला, आपल्या हातात राहिला तर आपण खोडू म्हणून.

सामना होता त्या शाळेचा तलाव मोठा होता, छत उंच, आणि प्रत्येक आवाज दोनदा ऐकू यायचा. झोराच्या आधीच्या उड्या बऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीआधी ती अंग पुसत इर्याजवळ आली. ओठ निळे पडले होते.

"बाई, तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली.

"मी ओरडणार नाही. टॉवेल आहे माझ्याकडे."

"माहीत आहे. पण तुम्ही इथे असलात की माझे कान तुमच्याकडे असतात. तुम्ही ओरडत नाही तेव्हा तर जास्तच."

इर्याने तिच्याकडे पाहिलं. तिला म्हणायचं होतं की मुलगी फळीवर असताना मी कधी पाठ फिरवलेली नाही. तिला म्हणायचं होतं की काही झालं तर मी जवळ असायला हवी. तिने टॉवेल बाकावर ठेवला. ती काठावरून चालत गेली, झुलतं दार ढकललं आणि बाहेरच्या बोळात आली.

बोळात फ्रान्स्का उभी होती, इतर आईबापांबरोबर मागून आलेली, कोट घातलेला, हातमोजे हातात पिळलेले.

"तुम्ही आत का नाही?" इर्याने विचारलं.

"माझ्याने बघवत नाही. तुम्ही बाहेर का?"

"तिनेच पाठवलं."

"तुम्हाला? आणि मग आत आहे कोण?"

"पंच आहेत. डोना आहे. हॅमरबर्ग सामना बघायला आलेत, तेही आहेत."

"हॅमरबर्गला पोहता येतं का नीट?" फ्रान्स्काने विचारलं. इर्याने मान डोलावली, पण तिला एकाएकी तेही खात्रीने सांगता येईना.

आत झोराचं नाव पुकारलं गेलं, आडनाव चुकवून. मग उडीचं नाव. मग सगळे आवाज हळूहळू बसले आणि दारापलीकडे काहीच उरलं नाही. फ्रान्स्काने छातीवर क्रूसाची खूण केली. इर्याने भिंतीला हात टेकवला. झोरा आता फळीच्या मागच्या टोकाला उभी असेल. आता श्वास घेत असेल. आता निघाली असेल. एवढा वेळ का लागतोय, थांबली की काय, पाय घसरला की काय, असं तिच्या मनात येतंय तोच फळी दणकली. इर्याच्या गळ्याशी शब्द आला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला, पण तो सुटलाच, कुजबुजल्यासारखा.

"न्युत."

पण पाणी त्याच्या आधीच वाजलं होतं. तिच्या शब्दाआधी, चांगलं आधी.

"काय झालं?" फ्रान्स्काने तिचा दंड धरला. "पडली? पाठीवर पडली?"

"नाही," इर्या म्हणाली. "डोक्याकडून गेली. पाय मागून आडवे पडले असतील, म्हणून शेवटी तो फटका ऐकू आला. पण गेली आत."

"तुम्ही बघितलं कुठे?"

"आवाजावरून."

आत टाळ्या सुरू झाल्या होत्या. मग गुण पुकारले गेले, ना फार वर, ना फार खाली. इर्याला आत जायचं होतं, पण फ्रान्स्काने अजून दंड सोडला नव्हता. तेवढ्यात दार उघडलं आणि झोराच बाहेर आली, ओल्या पावलांनी, फरशीवर पाणी सांडत.

"चपला घाल," फ्रान्स्का म्हणाली, आणि स्वतःचा कोट काढून तिच्यावर टाकला. मग कोटासकट तिला धरून उभी राहिली.

"बाई," झोरा आईच्या खांद्यावरून म्हणाली, "मला छतावरचे दिवे दिसले. मग पांढरं काहीतरी. मग पाणी दिसलं, निळं, खाली. दिसलं तेव्हा मी सोडलं."

"उशिरा दिसलं?"

"थोडं उशिरा. पाय राहिले."

"गुडघे कुठे होते तेव्हा? हात आधी सोडलेस का?"

"ते नाही आठवत."

"आठव," इर्या म्हणाली. "मी काहीच बघितलेलं नाही. पहिल्यापासून सांग. फळीवर उभी होतीस तिथून."

झोराने कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.